सिस्टर मकासरे आणि त्यांचे यजमान

गंगाधर मकासरे सरांनी भर चर्चमध्ये हात वर केला, तेव्हा त्यांची बायको मागच्या व्हरांड्यात चहात साखर ढवळत होती. त्यामुळे आपण आफ्रिकेला निघालो आहोत, ही बातमी तिला सगळ्यांत शेवटी कळली.

झालं ते असं. उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी एक पत्र काढलं. मलावी देशातल्या ख्रिस्ती मंडळीकडून आलेलं. तिकडं न्चेंगा नावाचं एक खेडं आहे, तिथं एक लहानसा दवाखाना आहे, शेजारी शाळा आहे, आणि दोन वर्षं सेवेसाठी येईल असं एखादं अनुभवी, निवृत्त जोडपं त्यांना हवं आहे. पाळकसाहेबांनी पत्राचा एवढाच गोषवारा सांगितला आणि म्हणाले, "ज्यांना प्रभू बोलावतोय असं वाटत असेल, त्यांनी प्रार्थना करून, घरी विचार करून, मला सवडीनं भेटावं."

घरी विचार करण्याचा भाग सरांच्या कानात शिरलाच नाही. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित आणि इंग्रजी शिकवलेला माणूस. उत्तर येत असलं की हात वर करायचा, हे ते पोरांना शिकवत आले होते. तो हात आपोआप वर गेला.

"मकासरे सर, तुम्ही?" पाळकसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "आणि सिस्टर?"

"दोघं," सर म्हणाले, आणि खात्री पटावी म्हणून दुसराही हात वर केला.

मागं व्हरांड्यात वैजयंतीबाई सत्तर माणसांच्या चहाशी झुंजत होत्या. गायनमंडळातल्या सरोजिनीबाई पहिल्या धावत आल्या. "वैजयंती, मलावीत चहा मिळतो का गं?"

"मला काय ठाऊक? मला कशाला विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? तूच चाललीस की!"

वैजयंतीबाईंनी पळी खाली ठेवली. दारातून नवऱ्याकडं पाहिलं. सर लोकांचे हात हातात घेत, मान तिरकी करून, शुभेच्छा स्वीकारत होते. त्यांच्या पाठीमागं भिंतीवर ती संगमरवरी पाटी होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून सोलापुरात येऊन शाळा-दवाखाने काढलेल्या सात मिशनऱ्यांची नावं तिच्यावर कोरली होती. लहानपणी लांबलचक उपदेश चालले की गंगाधर ती नावं वरून खाली आणि खालून वर वाचत बसायचा. सातव्या नावाखाली चांगली वीतभर जागा मोकळी होती. हे त्यानं तेव्हाच हेरून ठेवलं होतं.

घरी आल्यावर वैजयंतीबाई काही बोलल्या नाहीत. म्हणजे सरांशी बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरशी मात्र भरपूर बोलल्या.

"ज्यांना आफ्रिकेला जायचंय," त्या कॅलेंडरला म्हणाल्या, "त्यांनी आपलं ताट आपण धुवावं."

सरांनी ताट धुतलं.

"चौतीस वर्षं मी हॉस्पिटलात रात्रपाळ्या केल्या. आता पाय वर करून बसायचं म्हटलं, तर माझं तिकीट काढलं. मला विचारायचं सुद्धा नाही."

"वैजू, अगं तो क्षणच असा होता—"

"कुणीतरी बोलतंय वाटतं," त्या कॅलेंडरला म्हणाल्या.

दोन दिवस हे असं चाललं. सरांनी पहाटे उठून मनापासून प्रार्थना केली. बायकोचं मन वळव, एवढीच. मंगळवारी संध्याकाळी वैजयंतीबाई पर्स घेऊन बाहेर पडल्या, तासाभरानं परतल्या, पायातल्या चपला काढता काढता म्हणाल्या, "मी येते."

"काय?"

"मलावीला. येते म्हटलं."

सरांचे डोळे भरून आले. आपल्या प्रार्थनेत इतकं बळ असेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या आभाराचे चार शब्द म्हटले, ते चाळीसपर्यंत लांबले. तोवर वैजयंतीबाई आत जाऊन कुकर लावून आल्या होत्या.

मग सर तयारीला लागले. दिवाणखान्यात जगाचा नकाशा लागला. न्चेंगा हे नाव न आणि च एका दमात कसे म्हणायचे, याचा तीन दिवस सराव झाला. खाकी रंगाची रुंद काठाची टोपी आली. इंग्रजीतून अकरा उपदेश लिहून झाले आणि कपाटाच्या आरशासमोर हातवाऱ्यांसकट म्हणूनही झाले. सकाळी फिरायला गेले की रेल्वे लाइन्सपासून सात रस्त्यापर्यंत जो भेटेल त्याला ते थांबवत. "मिशनरी म्हणून चाललोय. दोन वर्षं. सौभाग्यवती पण बरोबर आहेत."

पुण्याहून मुलीचा, निवेदिताचा फोन आला. "बाबा, लोकांचे आईबाबा नातवंडं सांभाळायला अमेरिकेला जातात. माझे मलेरिया घ्यायला आफ्रिकेला चाललेत. मी ऑफिसात काय सांगू?"

"सांग की, माझे वडील देवाच्या कामाला चाललेत."

"आणि आई?"

"आई बरोबर आहे ना."

"आईला फोन द्या," निवेदिता म्हणाली. मायलेकी स्वयंपाकघरात दार लोटून बराच वेळ बोलल्या. मध्येच दोघींचं हसू ऐकू आलं. सरांना वाटलं, चला, पोरीचीही समजूत पटली.

महिन्याभरानं मुलाखत ठरली. पाळकसाहेबांच्या ऑफिसात, संगणकावर. पलीकडून मलावीच्या मंडळीच्या सेक्रेटरी, मिसेस चिर्वा, बोलणार होत्या. सर कोट घालून गेले, गळ्यात टाय बांधून. मे महिना होता. सोलापुरात मे महिन्यात टाय बांधलेल्या माणसाकडं रिक्षावालेसुद्धा वळून बघतात. वैजयंतीबाई नेहमीच्या सुती साडीत होत्या.

पडद्यावर एक ठसठशीत बाई दिसल्या, डोक्याला पिवळाजर्द रुमाल बांधलेल्या. सरांनी घसा खाकरला आणि सुरुवातीचं वाक्य जिभेवर आणलं.

"सिस्टर मकासरे," त्या बाई इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही किती बाळंतपणं केलीत?"

वैजयंतीबाईंनी क्षणभर विचार केला. "मोजली नाहीत. पाच-सहा हजारांच्या पुढं असतील."

"पायाळू?"

"बरीच."

"डॉक्टर जवळ नसताना?"

"डॉक्टर जवळ असताना कधी व्हायची?" वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि मिसेस चिर्वा खो-खो हसल्या.

मग दोघी ज्या बोलायला लागल्या, त्या बोलतच राहिल्या. रक्तस्राव झाला तर काय, वीज नसली तर काय, लहान मुलांना सलाईन लावताना शीर सापडली नाही तर काय. वैजयंतीबाईंचं इंग्रजी साधं, तुटक, पण नेमकं होतं. सरांनी मध्ये दोनदा "इफ आय मे ॲड" म्हणून पाहिलं. ते वाक्य तिथंच विरलं. चाळीस मिनिटं झाली. कोटाच्या आत बनियन पाठीला चिकटला.

शेवटी मिसेस चिर्वा त्यांच्याकडं वळल्या. "आणि मिस्टर मकासरे. तुम्हाला एकच प्रश्न आहे."

सर सावरून बसले.

"तुम्हाला स्वयंपाक येतो का?"

सरांना वाटलं, आवाज नीट आला नाही. त्यांनी कान पुढं केला. मिसेस चिर्वांनी तोच प्रश्न अगदी सावकाश, शब्द सुटे करून विचारला. सिस्टर सकाळी सहाला दवाखान्यात जातील, त्या कधी परततील याचा नेम नाही, घरात कुणीतरी चूल पेटवणारं हवं. मागचं जोडपं याच कारणानं चार महिन्यांत परत गेलं. शाळा आहेच, हवं तर तुम्ही आठवड्यातून दोन-तीन तास शिकवा, मुलांना आवडेल. पण दवाखाना नर्सवाचून सव्वा वर्ष बंद आहे.

"शिकेन," सर म्हणाले. ते एकच वाक्य त्यांनी त्या मुलाखतीत पूर्ण केलं.

संगणक बंद झाल्यावर पाळकसाहेबांनी टेबलावरचं पत्र सरांसमोर सरकवलं. सरांनी ते पहिल्यांदाच अक्षर न् अक्षर वाचलं. 'आम्हाला अनुभवी परिचारिकेची निकडीची गरज आहे. ती विवाहित असल्यास पतीनेही सोबत यावे, अशी अपेक्षा आहे. पती शिक्षक किंवा सुतार असल्यास आनंदच.'

सुतार! सरांनी पत्राची घडी घातली, टाय सोडून खिशात कोंबला आणि "मी जरा चालून येतो" म्हणून निघाले.

ते सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसले. ऊन उतरायला लागलं होतं. एका शेंगदाणेवाल्यानं त्यांना ओळखलं. "सर, कधी निघाला आफ्रिकेला?" सरांनी हात हलवला, त्यातून होय किंवा नाही, काहीही घेता आलं असतं. एक महिना गावभर सांगत सुटलो, सौभाग्यवती पण बरोबर आहेत. गाव आता काय म्हणेल ते पुढचं. पण तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी आरशासमोर उभा राहून हात हलवत होतो, तेव्हा ती पलंगावर बसून भाजी निवडत होती. तिला माहीत होतं आणि ती भाजी निवडत होती.

घरी आले तेव्हा वैजयंतीबाई ओट्यावर बसून पंख्यानं वारा घेत होत्या. वीज गेलेली होती. त्यांनी सरकून जागा केली.

"तू पत्र कधी वाचलंस?" सरांनी विचारलं.

"त्याच मंगळवारी. पाळकसाहेबांकडं गेले होते ते भांडायला. म्हटलं, माझ्या नवऱ्याला आवरा. त्यांनी पत्र हातात दिलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमचं छान चाललं होतं की. टोपी पण आणलीत."

"वैजू, थट्टा नको."

वैजयंतीबाईंनी पंखा मांडीवर ठेवला. "थट्टा नाही. मला बघायचं होतं. तुम्हाला आठवतंय, आपलं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मला वेल्लोरला ट्रेनिंगला बोलावलं होतं? दीड वर्षाचं. आमच्या मेट्रननी माझं एकटीचं नाव पाठवलं होतं. तुम्हालाही तिकडं यायला तेवढी बिनपगारी रजा मिळत होती, तुमचे हेडमास्तर द्यायला तयार होते."

"आठवतंय."

"तेव्हा घरात काय बोलणं झालं?"

सर आठवत म्हणाले, "बायको पुढं आणि नवरा मागं, लोक हसतील. असं मी म्हणालो होतो?"

"तुम्ही नाही. तुमच्या आई म्हणाल्या होत्या. तुम्ही नुसते गप्प बसलात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी काही ते रोज उगाळत बसले नाही. संसार झाला, पोरगी झाली, नोकरी झाली. पण ते पत्र वाचलं आणि म्हटलं, बघू तरी. या वेळेला हे काय करतात. तुम्ही दोघांचा हात वर केलात खरा, पण माझं 'हो' माझं मी दिलंय. आता तुमचं तुम्ही द्या. नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

समोरच्या रस्त्यावरून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं. सर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"लोक हसतील," ते म्हणाले.

"हसतील की. आजपासूनच."

"हसू देत," सर म्हणाले. मग जरा वेळानं, "पण सुतार का म्हणून? शिक्षक आणि सुतार एका ओळीत?"

वैजयंतीबाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी शेजारच्या गोजरबाईंना ऐकू गेलंच.

गोजरबाई मूळच्या जवळच्याच मंद्रूप गावच्या. मुलाला सोलापुरात नोकरी लागली तेव्हा त्याच्याबरोबर आल्या आणि मकासऱ्यांच्या शेजारी राहिल्या. दुसऱ्या दिवशी वैजयंतीबाईंनी त्यांना सांगितलं, आमच्या ह्यांना भाकरी शिकवायची आहे. मला शिकवायला धीर नाही, मी ओरडेन.

"गुर्जींना?" गोजरबाईंनी कमरेवर हात ठेवले. "व्हय, शिकवती की. त्यात काय. पर ग्यासवर न्हाय. तितं ग्यास आसंल का? चुलीवर शिकायचं."

गोजरबाईंच्या परसात चूल होती. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला शाळा भरू लागली. विद्यार्थी एक, वय सहासष्ट.

"पीठ मळा. आसं न्हाय. तळहाताच्या बुडानं. रेटा की जोरानं! खडूची पेटी उचलल्यावानी काय करताय?"

"कोमट पाणी घेतलंय ना?"

"पानी बरुबर हाय. हात चुकीचा हाय."

पहिली भाकरी परातीतून उचलतानाच दोन ठिकाणी फाटली. दुसरी लांबुळकी झाली. गोजरबाईंनी ती तव्यावरून उलथण्यानं उचलून उन्हात धरली. "गुर्जी, ही भाकरी न्हाय. ही चप्पल हाय. डाव्या पायाची."

तिसऱ्या दिवशी सरांची एक भुवई होरपळली. चौथ्या दिवशी त्यांनी भूमितीचा आधार घेतला: परातीत बोटानं आधी वर्तुळ आखून घेतलं. गोजरबाई ते बघून एवढ्या हसल्या की त्यांची सून काम टाकून बाहेर आली. शेजारच्या दोन बायकाही कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. आतापर्यंत सरांना पाहून त्या पदर सारखा करायच्या. आता सल्ले द्यायला लागल्या. एक म्हणे विस्तव मोठा आहे, दुसरी म्हणे गुरुजींना घाई फार. सर घामाघूम होऊन सगळ्यांचं ऐकत होते.

"मी का शिकवती एवढं मन लावून, विचारलं न्हाय तुमी मला," एकदा गोजरबाईच म्हणाल्या. "माजं दोन्ही नातू सिस्टरबाईंनी हातावर झेलल्यात. दुसरं तर निळं पडलं हुतं. लोकं म्हनली गेलं. सिस्टरबाईंनी तोंडानं वारं घातलं त्येच्या नाकात. आता तितं जाऊन त्याच उपाशी राबायला लागल्या तर मला झोप लागंल का? तुमच्यासाटी न्हाय शिकवत, गुर्जी. त्यांच्यासाटी."

सरांना ही निळ्या बाळाची गोष्ट ठाऊकच नव्हती. वैजयंतीबाई त्या रात्रपाळीहून घरी आल्या असतील, त्यांनी अंघोळ करून चहा टाकला असेल, आणि सर त्यांना म्हणाले असतील, माझा डबा झाला का? असंच झालं असणार. त्यांनी खाली बघून पिठाचा गोळा पुन्हा मळायला घेतला.

एकविसाव्या दिवशी एक भाकरी विस्तवाला लावल्यावर टम्म फुगली. गोजरबाईंनी ती मोडली, पापुद्रा वेगळा करून बघितला, तुकडा तोंडात घातला, आणि सुनेला हाक मारली, "आगं, ताट आन. गुर्जींची भाकरी झाली."

सर ती उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळून जवळजवळ पळत घरी गेले.

कागदपत्रं, लसी आणि वैजयंतीबाईंची नर्सिंगची नोंदणी यात जुलै उजाडला. निरोपाच्या उपासनेला चर्च भरलं होतं. निवेदिता पुण्याहून आली होती, पहिल्या बाकावर बसून आधीच रडत होती. पाळकसाहेबांनी दोघांना पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवले आणि मोठ्यानं म्हणाले, "आपल्या मंडळीच्या मिशनरी, सिस्टर वैजयंती मकासरे, आणि त्यांचे यजमान!"

मागच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसलं. सरांनी डोळे मिटलेले होते, तरी ते त्यांना ऐकू आलं. त्यांनी एक पाऊल मागं घेतलं. वैजयंतीबाईंना पुढं जरा मोकळी जागा व्हावी म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की बायको थरथरते आहे. एवढ्या हजारो बाळंतपणांत जिचा हात हलला नाही, ती. त्यांनी मागूनच तिच्या कोपराला हात लावला आणि प्रार्थना संपेपर्यंत तो काढला नाही.

गोजरबाई दारात थांबल्या होत्या. त्यांनी कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाची चटणी बांधून आणली होती. "ह्या दोन म्हैनं टिकत्याल," त्या म्हणाल्या. "तोवर गुर्जींचा हात बसंल."

मुंबई, मग अदिस अबाबा, मग ब्लँटायर, आणि तिथून जीपनं डोंगर उतरून शिरे नदीचं खोरं. ऑगस्ट म्हणजे तिथली थंडी, असं त्यांना सांगितलं होतं. ती थंडी सोलापूरच्या मार्चसारखी निघाली. दोन्हीकडं वेचून झालेला कापूस आणि ज्वारीची वाळकी ताटं दिसायला लागली, तेव्हा वैजयंतीबाई म्हणाल्या, "अहो, एवढे पैसे घालवून हे आपल्याला मंद्रूपला घेऊन आले की काय?"

न्चेंग्याला पहिल्याच रविवारी सरांना चर्चमध्ये शुभेच्छा द्यायला उभं केलं. आत सहाशे माणसं, तीन गायनमंडळं आणि नाचत नाचत आणून टाकलेलं दान. इथं कुणाला नव्यानं काही सांगावं अशी परिस्थितीच नव्हती. उलट तीन तास उभं राहून गाणाऱ्या आज्या बघून सरांना आपल्याच भक्तीची शंका आली. ते आठ मिनिटं बोलले. दुभाष्यानं त्याची दोन वाक्यं केली. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्या दोन वाक्यांत काय होतं ते सरांना कधीच कळलं नाही. शाळा सप्टेंबरात उघडणार होती.

दवाखाना मात्र दुसऱ्या दिवशीच उघडला. सकाळी दार उघडायच्या आत नव्वद बायका रांगेत. वैजयंतीबाई आत गेल्या त्या दुपारी अडीचला पाणी प्यायला बाहेर आल्या. सर घराच्या अंगणात चुलीशी बसलेले. त्यांनी तिथल्या ज्वारीचं, म्हणजे मापिराचं पीठ मिळवलं होतं आणि तव्याऐवजी एक जाड पत्रा.

दवाखान्याच्या मागं एक मोकळी शेड होती. पेशंटबरोबर आलेल्या बायका तिथं तीन दगडांवर स्वयंपाक करत. त्यांना सरांची चूल समोरच दिसे. पहिल्या दिवशी एक जण उठून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली, मग बाकीच्यांना हाक मारली. मुठीएवढ्या पिठाच्या गोळ्याला थापट्या मारणारा, पांढऱ्या मिशांचा पुरुष! त्या एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या. सरांना ती हसणारी माणसं अनोळखी वाटेनात. ते मान खाली घालून थापत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चूल उचलून शेडमध्येच मांडली. तिथं सावली होती. बायकांनी सरकून जागा करून दिली. आठव्या दिवसापर्यंत एकीचं मूल त्यांच्या मांडीवर झोपत होतं आणि दुसरी त्यांच्याकडून पत्रा उसना नेत होती.

तिसऱ्या आठवड्यात एक पोरसवदा बाई लांबून चालत आली. पहिलंच बाळंतपण. बरोबर सासू होती, तीच तापानं फणफणलेली. तिलाही खाटेवर घालावं लागलं. पोरीच्या पोटात आदल्या दिवसापासून काही नव्हतं, कळा सुरू झालेल्या, आणि ती भिऊन तोंड मिटून बसली होती.

वैजयंतीबाई शेडच्या दारात आल्या. हातात मोजे, कपाळावर घाम. "अहो, काहीतरी पातळ, गरम हवंय. लगेच. तिच्यात जोर नाही. जोर नसेल तर माझा काही उपयोग नाही."

सर उठले. पातळ म्हणजे आंबील. आंबील त्यांनी जन्मात केली नव्हती, पण खाल्ली पुष्कळ होती. पीठ होतं, आंबट दूध शेडमधल्या एकीनं पुढं केलं, दुसरीनं विस्तव फुंकला. गुठळ्या होऊ नयेत म्हणून सर हात भरून येईपर्यंत ढवळत राहिले. वाडगा घेऊन ते दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. आत पुरुषांनी जायचं नव्हतं. पोरगी दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती. दवाखान्यातल्या जुन्या मदतनीस, पन्नाशीच्या चिकोंडीबाईंनी वाडगा तिच्या हातात दिला.

तिनं एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग मान वर करून थेट सरांकडं बघितलं आणि हळूच दोन शब्द म्हणाली, "म्चेरे वाचेपा."

इतक्या कळांत या पोरीला दोन शब्द बोलावेसे वाटले! सरांनी छातीवर हात ठेवून मान लववली. चिकोंडीबाईंना इंग्रजीत विचारलं, "आशीर्वाद दिला का तिनं?"

चिकोंडीबाईंनी ओठ चावले. "ती म्हणतेय, मीठ कमी आहे."

आतून वैजयंतीबाईंचा हसण्याचा आवाज आला. मोकळा, मोठ्ठा, छतापर्यंत जाणारा. शेडमधल्या बायकांना कुणीतरी सांगितलं, तसं तिकडंही हसू फुटलं. ती पोरगी आधी घाबरली, आपलं काय चुकलं म्हणून, आणि मग सगळ्यांकडं बघत तिलाही हसू आलं. तिच्या आवळून धरलेल्या खांद्यांची गाठ सुटलेली सरांना दिसली.

सरांनी बोट बुडवून चाखून पाहिलं. मीठ कमी नव्हतंच. मीठ घातलंच नव्हतं. ते शेडकडं पळाले. चार हात एकाच वेळी मिठाच्या पुड्या घेऊन पुढं आले. त्यांनी चिमूट टाकली, ढवळलं, परत नेलं. पोरगी दोन वाडगे प्याली आणि स्वतःच भिंतीला धरून उठली.

ऊन कलायच्या आत मुलगी झाली. रडली ती अशी की शेडमध्ये ऐकू आलं. वैजयंतीबाई हात धुऊन बाहेर आल्या आणि सरांच्या शेजारी, उलट्या घातलेल्या बादलीवर बसल्या.

"दमलीस?" सरांनी विचारलं.

"दमले. भूक लागलीये."

सर पत्रा विस्तवावर ठेवून पीठ मळायला बसले. पलीकडून चिकोंडीबाई रिकामा वाडगा घेऊन येताना दिसल्या. त्यांच्या मागं आणखी तीन बायका होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक वाडगा होता.

"सासूला पण हवंय," चिकोंडीबाई म्हणाल्या. "आणि ह्यांच्याही पेशंटांना. ह्या म्हणतात, उद्यापासून किती वाजता येऊ?"

सरांनी बायकोकडं बघितलं. वैजयंतीबाईंनी खांदे उडवले. "मला काय विचारता? मी दवाखान्याची. हे तुमचं काम आहे, तुम्ही सांगा."

"साडेसहाला," सर म्हणाले, आणि मोठं पातेलं कुणाकडं मिळेल याची चौकशी करायला उठले.